बंबरावांची न विझणारी आग

माझ्या वडिलांना वैतागायला कारण लागायचं नाही. सकाळी टूथपेस्टचं झाकण बेसिनमध्ये पडलं की तिथून सुरुवात व्हायची. मग मोज्याचा जोड सापडायचा नाही, मग चहा एकतर जीभ भाजणारा असायचा नाहीतर गार, मग शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकायचा. "या घरात एक वस्तू जागच्या जागी असेल तर शपथ," असं म्हणत ते हातातच धरलेला चष्मा शोधायचे. आई सांगायची, "लग्नाआधी दोनदा भेटले, दोन्ही वेळा चिडलेले होते. मला वाटलं, आज काहीतरी बिनसलं असेल. नंतर कळलं, ह्यांचं रोजच बिनसलेलं असतं."

हाच माणूस आगीसमोर उभा राहिला की शांत व्हायचा.

बाबा आमच्या गावच्या अग्निशमन केंद्राचे प्रमुख होते. दोन बंब, एक लांब शिडी आणि मूठभर माणसं, एवढं ते केंद्र. गावात सगळे त्यांना बंबराव म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. मी शाळेत असताना फर्निचरच्या गोदामाला आग लागली होती. लोक धावत होते, ओरडत होते, कोणी उगाच बादल्या आणत होतं, आणि बाबा असे उभे होते जणू बस यायला अजून वेळ आहे. "डावीकडून घ्या. वर मारू नका, बुडाशी मारा. घाई करायची नाही." आवाज इतका हलका की त्यांच्या माणसांना ऐकायला शांत व्हावंच लागायचं. दुपारपर्यंत आग विझली. बाबा घरी आले, हात धुतले, जेवायला बसले आणि भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताटावरून उठायच्या बेतात आले.

गावाच्या पूर्वेला मोठी दलदल होती. गुडघाभर काळं पाणी, डोक्याएवढी उंच लव्हाळी, बगळे, आणि संध्याकाळी ढगासारखे येणारे डास. बाबांचा तिच्यावर दात होता. दर थोड्या दिवसांनी तिथे कोणीतरी रुतायचं आणि फोन अग्निशमन केंद्रात यायचा. कधी गाय, कधी दारुडा. एकदा तर नवरा-नवरीचा फोटो काढता काढता मागे सरकत गेलेला फोटोग्राफर. "आग विझवायची म्हणून नोकरी धरली," बाबा म्हणायचे, "आणि जन्म चाललाय चिखलातून माणसं उपटण्यात."

त्यामुळे नगरपालिकेने ती दलदल कोरडी करायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद कोणाला झाला असेल तर बाबांना. पोकलेन आले, लांबच लांब चर खणले, पाणी नदीत सोडलं. वर्षभरात तिथे काळी, भुसभुशीत, कोरडी जमीन झाली. तिचे प्लॉट पडले. त्यातला एक कोपऱ्यातला आईने घेतला. भाड्याच्या घरात आयुष्य काढलेली बाई ती. तिने प्लॉटवर अजून एक वीटही पडलेली नसताना स्वयंपाकघर ठरवून टाकलं होतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने ओटा, सिंक, कपाटं आणि पूर्वेकडची मोठी खिडकी. दर आठवड्याला ती खिडकी थोडी रुंद व्हायची. बाबा म्हणायचे, "अशीच वाढत राहिली तर भिंत कुठे बांधायची?"

दलदल गेली आणि बारीकसारीक गोष्टी बदलल्या. हिवाळ्यातलं सकाळचं धुकं गेलं. डास कमी झाले, त्याचं कौतुक झालं. उन्हाळे मात्र अंगावर यायला लागले. माझं बाजारात औषधांचं दुकान आहे. आधी एका पंख्यावर भागायचं, मग दुसरा लावला, मग एसी बसवला, कारण मलमं ट्यूबमध्येच पातळ व्हायला लागली होती. गिऱ्हाईक यायचं, कपाळ पुसायचं, "काय उकडतंय हो," म्हणायचं आणि वर आकाशाकडे बघायचं. पूर्वेकडे कोणी बघत नव्हतं. मीही नाही.

आग लागली ती अशाच एका उन्हाळ्यात. कोणीतरी तिकडे कचरा पेटवला होता, एवढंच कळलं. बाबा बंब घेऊन गेले, पाणी मारलं, तासाभरात परत आले. "चिल्लर काम," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याच जागेपासून थोड्या अंतरावर धूर. पुन्हा बंब, पुन्हा पाणी. तिसऱ्या दिवशी तिसरीकडेच. आता धूर जमिनीतूनच येत होता, चहाच्या किटलीच्या तोंडातून वाफ यावी तसा. ज्वाळा कुठेच नाही. पाणी मारलं की विझायचं, माणसं पाइप गुंडाळायची, बंब वळायचा, आणि गिअरभाऊ आरशात बघून म्हणायचा, "साहेब, मागे परत सुरू झालं." गिअरभाऊ म्हणजे बंबाचा ड्रायव्हर. त्याने आयुष्यात कुठलीही गाडी चालवली तरी तिच्या गिअरलाच दोष दिला होता, म्हणून ते नाव.

बाबांचा शांतपणा पहिल्यांदा तिथे संपला. ज्या आगीला बूड नाही, तोंड नाही, ती मारायची कुठे? ते संध्याकाळी घरी यायचे तेव्हा अंगाला ओल्या राखेचा, कुजकट, गोडसर वास यायचा. आई त्यांचे कपडे दोन बोटांनी धरून बाल्कनीत नेऊन टाकायची. धूर गावात शिरला. सकाळी उठलं की उशीला वास, पोळीला वास, केसांना वास. माझ्या दुकानात खोकल्याच्या बाटल्या ठेवते न ठेवते तोच संपायच्या. धंदा चांगला चालला होता आणि मला त्याची शरम वाटत होती. दम्याच्या म्हाताऱ्या येऊन काउंटरला धरून उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "तुझे वडील काय करताहेत गं?"

काय सांगणार? बाबा रस्त्यातून चालायला लागले की लोक टपरीवरून हाक मारायचे, "काय बंबराव, विझली का?" पहिल्या आठवड्यात त्यात काळजी होती. नंतर नंतर ती टिंगल झाली. एकाने विचारलं, "लाइटर देऊ का, म्हणजे नीट पेटवून मग नीट विझवता येईल?" त्या दिवशी बाबा घरी येऊन जेवले नाहीत. चिडलेही नाहीत. ते बघून आई घाबरली.

मग एक दिवस बंबाचं मागचं चाक जमिनीत गेलं. वरून घट्ट दिसणारी जमीन खालून जळून पोकळ झाली होती. चाक खाली बसलं, बंब एका अंगावर कलला, आणि आतून राखेचा भपकारा आला. कोणाला लागलं नाही, पण बंब बाहेर काढायला क्रेन आणावी लागली. गिअरभाऊ त्या दिवशी गिअरबद्दल एक शब्द बोलला नाही.

त्याच सुमारास एक बाई तिथे आल्या. कुठल्याशा संशोधन संस्थेत मातीचा अभ्यास करायच्या. पन्नाशीच्या, उंच, उन्हाने रापलेल्या. हातात लांब पोलादी नळी आणि चेहऱ्यावर बाबांच्याच तोडीचा वैताग. बाबांनी त्यांचं नाव मातीवाल्या बाई ठेवलं आणि ते गावभर झालं. मी त्या दिवशी बाबांचा डबा घेऊन तिकडे गेले होते, म्हणून त्यांची पहिली भेट मला बघायला मिळाली.

"तुम्ही वरून पाणी मारताय," बाई म्हणाल्या.

"मग काय खालून मारू?" बाबा म्हणाले.

"हो. तेच म्हणतेय मी."

त्यांनी ती नळी जमिनीत दाबली, फिरवली आणि बाहेर काढली. नळीत काळा, दाबलेला थर होता. त्यांनी तो तळहातावर मोकळा केला. माती नव्हतीच ती. देठ, पाती, मुळं, सगळं ओळखू येत होतं, चहाच्या गाळासारखं. "याला पीट म्हणतात."

"पीठ?" गिअरभाऊने विचारलं.

"पीट. पीठ नव्हे." हे त्यांना आयुष्यात अनेकदा सांगावं लागलं असणार, कारण त्यांनी डोळे मिटून सांगितलं. "हजारो वर्षं इथे लव्हाळी उगवली, मेली, पाण्यात पडली. पाण्याखाली हवा नाही, म्हणून ती कुजली नाहीत. थरावर थर साचत गेले. झाडांनी हवेतून ओढून घेतलेला कार्बन इथे पाण्याखाली बंद होता, कुलूप लावल्यासारखा. तुम्ही पाणी काढलंत. कुलूप उघडलं. आता हा थर जळतोय आणि तो सगळा कार्बन धूर होऊन वर चाललाय."

"पाणी मी नाही काढलं. नगरपालिकेने काढलं."

"आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मला सांगितलंय लोकांनी."

बाबा लाल झाले. बाईंनी बाटलीतलं थोडं पाणी त्या कोरड्या काळ्या ढेकळावर ओतलं. पाणी आत शिरलं नाही. तेलकट ताटावरून ओघळावं तसं घरंगळून खाली पडलं. "एकदा नीट वाळलं की हे पाणी प्यायला तयारच होत नाही. तुमचे बंब रिकामे होताहेत आणि सगळं वरच्या वर वाहून जातंय. हे आठवडेच्या आठवडे पाण्यात बुडून राहिलं पाहिजे."

"बाई, हे सगळं कोरडं करत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"इथेच होते," त्या म्हणाल्या. "नगरपालिकेच्या सभेत. मला बोलायला वेळ दिला आणि मी बोलत असताना चहा वाटला."

बाबांनी माझ्या हातातला डबा घेतला, उघडला, आणि आधी बाईंसमोर धरला. त्यांनीही संकोच न करता त्यातलं अर्धं जेवण संपवलं. मग दोघं पुन्हा भांडायला लागले.

बाईंचं सगळंच बरोबर निघालं असं नाही. पाणी आणायला वेळ लागणार, तोवर आग पसरू नये म्हणून भोवती खोल खंदक खणावा, असं त्यांनीच सुचवलं. त्यांना वाटलं होतं, थर तिथे पातळ आहे, खंदक खालच्या चिकणमातीपर्यंत पोचेल आणि आग अडेल. पोचला नाही. थर त्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी खोल होता. उलट खणल्यामुळे खाली हवा गेली आणि तिथे पहिल्यांदाच खरी ज्वाळा दिसली. बाबांनी कपाळावर हात मारला. "अहो, फुंकणी घालून दिलीत तुम्ही आगीला!" बाई खंदकाच्या काठावर मटकन बसल्या आणि म्हणाल्या, "चुकलं माझं." बाबांना भांडायची तयारी करून आल्यावर कोणी चटकन चूक कबूल केली की काय करावं कळायचं नाही. ते थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि मग त्यांनी गिअरभाऊवर ओरडून घेतलं.

आता एकच उपाय उरला होता. चर बुजवायचे, नदीचं पाणी आत येऊ न देणारं जुनं दार उघडायचं आणि जमीन पुन्हा पाण्याखाली घालायची. म्हणजे प्लॉट बुडवायचे. म्हणजे आईचं स्वयंपाकघरही.

बाबांनी घरी हे जेवताना सांगितलं. आई पोळी तोडायची थांबली.

"आपला कोपऱ्यावरचा आहे," ती म्हणाली. "तिकडे आग नाहीये."

"आहे. खाली आहे."

"तुम्हाला कसं माहीत? तुम्हाला तर आग कुठेय ते गेले कित्येक दिवस सापडलेलं नाही."

बाबा हळू आवाजात म्हणाले, "त्या बाई म्हणतात, सगळा भाग एकाच थरावर बसलाय. अर्धा बुडवून भागणार नाही."

"त्या बाई म्हणतात! घरच्या बाईचं एक ऐकलंत कधी? बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या खिडकीतून बाहेर बघतेय मी."

त्यानंतर आमच्या घरात माझ्यामार्फत बोलणं सुरू झालं. "तुझ्या वडिलांना सांग, साबण संपलाय." "तुझ्या आईला सांग, मला दिसतंय." मी दोघांच्या मध्ये उभी राहून वैतागून जायची. दिवसभर दुकानात खोकणारी माणसं, आणि घरी न बोलणारी.

नगराध्यक्ष तर काही ठरवायलाच तयार नव्हते. सुटाबुटातला, गोड बोलणारा माणूस. त्यांनी एक समिती नेमली, समितीने एक उपसमिती नेमली, आणि उपसमितीने पाहणी करायला दुर्बीण मागवली. जळतंय जमिनीखाली, आणि यांना दुर्बीण! बाबा तीनदा त्यांच्या केबिनबाहेर बसून परत आले. मातीवाल्या बाई त्यांच्याहून जास्त वेळा. एकदा दोघं एकाच बाकावर बसलेले मी पाहिले, दोघांचीही मान एकाच बाजूला वळलेली, तोंडं एकसारखी वाकडी. शेवटी आत घेतलं तेव्हा बाई नगराध्यक्षांना म्हणाल्या, "साहेब, हे नुसतं धुराचं प्रकरण नाही. दलदल तुमच्या गावाला गार ठेवत होती. पाणी उन्हात वाफ होतं तेव्हा उष्णता ओढून घेतं. तुमचे उन्हाळे उगाच वाढले नाहीत. आणि हा जो कार्बन बाहेर पडतोय, तो फक्त तुमच्या गावाच्या डोक्यावर थांबणार नाही."

नगराध्यक्षांनी विचारलं, "पण मॅडम, दलदलीतूनही म्हणे वाईट वायू निघतो? मी वाचलंय."

"निघतो," बाई म्हणाल्या. "मिथेन निघतो. मी खोटं सांगणार नाही. पण दलदल टिकली तर लांबच्या काळात ती देते त्यापेक्षा जास्त धरून ठेवते. कोरडी केलीत तर धरलेलं सगळं सोडून देते. आग नसती तरी सोडत होती, नुसत्या वाळण्याने. फक्त ते तुम्हाला दिसत नव्हतं."

"मग बघा, दोन्ही बाजू आहेत," नगराध्यक्ष समाधानाने म्हणाले, आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला. बाई उठून बाहेर आल्या. बाबा सांगतात, त्यांनी व्हरांड्यातल्या कुंडीला लाथ मारली. बाई म्हणतात, लाथ बाबांनी मारली.

पारडं फिरवलं ते आईने, आणि तेही ठरवून नाही.

एका सकाळी ती कोणाला न सांगता प्लॉट बघायला गेली. तिला सिद्ध करायचं होतं की आपल्या कोपऱ्यात आग नाही. धूर खरंच नव्हता तिथे. वर थोडं वाळकं गवत होतं, कोपऱ्यात खुणेचा दगड होता. तिने मला नंतर सांगितलं, की ती जिथे ओटा येणार होता तिथे जाऊन उभी राहिली, मग दोन पावलं खिडकीकडे गेली. आणि जमीन खाली गेली. डावा पाय गुडघ्यापर्यंत आत. आत गरम राख. तिने किंचाळून पाय ओढला, चप्पल आतच राहिली. रस्त्यावरून जाणाऱ्या दूधवाल्याने तिला ओढून बाहेर काढलं, गाडीवर बसवलं आणि सरळ दवाखान्यात नेलं.

मी पोचले तेव्हा नर्स तिच्या पायाला पट्टी बांधत होती. घोट्यापासून वरपर्यंत फोड आले होते. बाबा माझ्यामागून धापा टाकत आले, अंगावर राख, हातात हेल्मेट. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. झालाच. पण आईचा.

"इतकं गरम आहे खाली, आणि तुम्ही मला नीट सांगितलं नाहीत?"

"सांगितलं होतं की!"

"असं सांगतात होय? जेवताना, तोंडात घास घेऊन?"

बाबांनी हेल्मेट पलंगावर ठेवलं. मग ते तिच्या पलंगाच्या कडेला बसले आणि तिच्या चांगल्या पायावर हात ठेवून रडले. माझे बाबा. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. नर्सने हळूच पडदा ओढून घेतला. आईने त्यांचं हेल्मेट चादरीवरून बाजूला सारलं. मग म्हणाली, "पुरे आता. हेल्मेटवर राख आहे, चादर खराब होईल."

पुढची सभा नगरपालिकेच्या सभागृहात होती. प्लॉटवाले सगळे आले होते आणि बहुतेक सगळे संतापलेले होते. त्यांचाही काय दोष? कोणी मुलासाठी जागा घेतली होती, कोणी दुकानासाठी. "आमचं बुडवून तुम्ही कोणाचं वाचवणार?" एकाने बाबांना विचारलं. बाबांना सभेत बोलता यायचं नाही. आगीसमोर सुचायचं ते माणसांसमोर सुचायचं नाही. "अहो, विझत नाही ना ती," एवढंच ते दोनदा म्हणाले आणि दोन्ही वेळा लोक हसले.

आई पुढच्या रांगेत पट्टी बांधलेला पाय स्टुलावर ठेवून बसली होती. ती बसल्या जागेवरून बोलली. "कोपऱ्यावरचा प्लॉट माझा आहे. तुमच्यातल्या किती जणांनी आपापल्या प्लॉटवर गेल्या महिन्याभरात पाय ठेवलाय? मी ठेवला. हा बघा. उद्या तिथे तुमची पोरं खेळायला जातील. पाणी सोडा. माझ्या जागेवर आधी सोडा."

कोणी हसलं नाही. कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. मागून एकजण "पण..." म्हणून उठला आणि खाली बसला. नगराध्यक्षांनी हवा कुठे वाहतेय ते बघितलं आणि घसा खाकरून सांगितलं की आपलंही मत सुरुवातीपासून हेच होतं. मातीवाल्या बाईंच्या तोंडून असा आवाज निघाला की शेजारच्याने त्यांना पाणी देऊ केलं.

पण ठरवलं म्हणून झालं असं होत नाही. नदीकडचं लोखंडी दार गंजून बसलं होतं. बाबांच्या माणसांनी त्याला तेल पाजलं, ठोकलं, शिव्या दिल्या. शेवटी ते कापावं लागलं. चर बुजवायला फळ्या, चिकणमाती आणि वाळूची पोती टाकली, तर पहिल्याच आठवड्यात एक बांध फुटला आणि पाणी परत नदीकडे पळालं. नदीही उन्हाळ्यामुळे बारीक झाली होती. मग दोन्ही बंबांचे पंप लावून नदीतलं पाणी उचलून आत टाकायला सुरुवात केली. हे काम कित्येक दिवस चाललं. पाणी पोचायचं तिथे जमीन फुसफुसायची, वाफेचे लोट उठायचे, काळे बुडबुडे यायचे. एकीकडे शांत झालं की उंचवट्यावर धूर दिसायचा. बाबा कोणालाच सोडत नव्हते. पंपवाल्यांवर ओरडायचे, बांधवाल्यांवर ओरडायचे, बाईंवर ओरडायचे, बाई उलट ओरडायच्या. "अजून किती वर आणायचं पाणी?" "सांगितलं ना, जमिनीच्या वर दिसेपर्यंत!" "मग आधीच दिसेपर्यंत म्हणायचं होतं!" "म्हटलं होतं!"

एका दुपारी मी डबा घेऊन गेले तर बाबा बंबाच्या पायरीवर गप्प बसले होते. मी घाबरले. "काय झालं?"

"काही नाही," ते म्हणाले. "बघ तरी."

मी पूर्वेकडे बघितलं. पाणी होतं, गढूळ, राखेने करडं झालेलं, त्यात जळके खुंट. धूर नव्हता. तरी त्यांनी विझली म्हणायचं धाडस केलं नाही. पुढे बरेच दिवस ते रोज सकाळी तिथे जाऊन नाक वर करून वास घेत उभे राहायचे. लोकांनी विचारलं, "विझली का?" तर म्हणायचे, "मला विचारू नका, त्या बाईंना विचारा." आणि बाईंना विचारलं तर त्या म्हणायच्या, "बंबरावांना विचारा." अखेर एक दिवस दोघांनीही विचारणाऱ्याला सांगितलं, "हो, विझली," पण अशा सुरात की जणू त्यानेच लावली होती.

सगळं पूर्ववत झालं असं म्हणता येणार नाही. उत्तरेकडच्या उंच पट्ट्यातले प्लॉट बुडवायला मालकांनी कोर्टात आडकाठी घातली. तिथे घरं उभी राहिली आणि एका घराच्या भिंतीला आतापासूनच तडे आहेत. जळलेला थर पुन्हा साचायला हजारो वर्षं लागतील, असं बाई सांगतात, आणि हे सांगताना त्या कोणाकडेच बघत नाहीत. लव्हाळी मात्र आली. डास आले, तेही जोरात. आई संध्याकाळी खिडक्या लावून घेते आणि बाबा आणि बाई, दोघांच्याही नावाने बोटं मोडते. एसी मी काढलेला नाही. एका दलदलीने जगाचा उन्हाळा थोडाच थांबणार होता? पण मलमं आता काउंटरवर ठेवता येतात, हे मात्र खरं.

नगरपालिकेने प्लॉटवाल्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाला बांधलेल्या इमारतीत जागा दिल्या. आमच्या वाट्याला दुसरा मजला आला. आईच्या स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे, आणि तिच्यातून पाण्याच्या टाकीशिवाय काही दिसत नाही. आई पायाच्या डागाला अजून तेल लावते. कुणी हळहळलं तर म्हणते, "खिडकी मोठी आहे. तेवढं तरी ऐकलं."

बाबा निवृत्त झाले. मला वाटलं होतं, आता घरात बसून आम्हाला छळणार. ते आठवड्यातून एकदा मातीवाल्या बाईंबरोबर दलदलीत जातात, पुरलेल्या नळीत पाणी कुठवर आहे ते बघतात आणि तिथेच भांडतात. बाईंचं म्हणणं, बाबांना नळी सरळ धरता येत नाही. बाबांचं म्हणणं, बाई वाकड्या उभ्या राहतात.

मध्यंतरी कळलं की नदीच्या वरच्या अंगाला दुसऱ्या एका गावात अशीच दलदल आहे आणि तिथेही चर खणायचं ठरतंय. बाबा आणि बाई दोघं बसने तिथे गेले. आईने मुद्दाम बाबांना इस्त्रीचा शर्ट दिला. संध्याकाळी परतले ते तणतणतच. सभेत त्यांना बोलायला वेळ दिला होता.

"मग?" आईने विचारलं.

"मग काय? मी उभा राहिलो, बोलायला लागलो, आणि ते चहा वाटायला लागले!" बाबा बूट काढता काढता थांबले. "त्यांच्या इंजिनिअरचा नंबर घेतलाय मी. उद्या फोन करतो. परवा पुन्हा जातो. बघतोच कसा खणतो तो."

"शर्टावर चहा सांडलाय," आई म्हणाली.

"मीच मुद्दाम सांडला! त्या इंजिनिअरच्या टेबलावर!" बाबा ओरडले, आणि बूट तसाच पायात ठेवून फोन शोधायला आत गेले.